लढाई तांबड्या समुद्रात, हिशेब तासगावात

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलॅक्सी लीडर’ हे मोटारी वाहून नेणारं जहाज तांबड्या समुद्रात ताब्यात घेतलं. तेव्हा तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्षबागांची फळछाटणी होऊन महिना-दीड महिना उलटला होता. घड बाहेर पडले होते, विरळणीच्या मजुरीचे पैसे गेले होते, औषधांची उधारी दुकानात चढली होती. द्राक्ष हे असं पीक आहे, की कात्री चालवायच्या दिवशीच पुढच्या ११०-१३० दिवसांनंतरचा बाजार गृहीत धरावा लागतो. एकदा छाटणी झाली की माघार नाही. डिसेंबरच्या मध्यावर मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून जायला सुरुवात केली. युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. आपला माल जानेवारीत निघायचा होता.

दहा-चौदा दिवस म्हणजे काय, ते द्राक्षाच्या पेटीत डोकावल्यावर कळतं. निर्यातीचा घड शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला असतो आणि आत ९०-९५ टक्के आर्द्रता राखलेली असते. पेटीत वरच्या बाजूला ग्रेपगार्डचा कागद असतो. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी दाबून धरतो. पण तो कागद ठरावीक दिवसांचा हिशेब करूनच घातलेला असतो. प्रवास लांबला की आधी देठ वाळून तपकिरी पडतो, मग मणी सुटायला लागतात. जास्त वायूचा कागद घालावा तर मण्याच्या देठाजवळ पांढरे डाग पडतात. मण्याची गोडी तीच असते, पण तिकडचा खरेदीदार आधी देठ बघतो, आणि देठ हिरवा नसेल तर दर पाडून मागतो.

आता भाड्याचा हिशेब. चाळीस फुटी शीत कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्ष जातं. भाडं एक हजार डॉलरनं वाढलं, तर त्या वेळच्या ८३ रुपयांच्या डॉलरनं ८३ हजार रुपये झाले. १३ हजार किलोनं भागा, किलोमागे ६ रुपये ४० पैसे. एकरी ८ टन निर्यातीचा माल निघत असेल, तर दर हजार डॉलरमागे एकराला ५१ हजारांचा फटका. वादाचा मुद्दा एवढाच, की हे ५१ हजार कुणाच्या खिशातून जातात. जहाज कंपनी अधिभार लावून मोकळी होते. निर्यातदार पुढचा दर ठरवताना भाडं वजा करून बोलतो. तिकडच्या सुपरमार्केटचा दर हंगामाआधीच ठरलेला असतो. बांधावर सौदा करणाऱ्या बागायतदाराकडे मात्र लेखी काहीच नसतं. सगळा बोलाचाच भात. मग कढी कमी पडली की कुणाच्या पानात कमी पडायची, ते ठरलेलंच असतं.

बरं, विमा? समुद्री मालाच्या नेहमीच्या पॉलिसीत युद्धाचा धोका मुळात वगळलेला असतो. तो वेगळा हप्ता भरून घ्यावा लागतो. आणि तो घेतला तरी ‘उशिरामुळे झालेलं नुकसान’ हे कलम वेगळं वगळलेलं असतं. ज्या कारणानं उशीर झाला ते कारण विम्यात असलं, तरी उशिरानं सडलेला माल विम्यात नसतो. म्हणजे जहाजावर क्षेपणास्त्र पडलं तर निर्यातदाराला भरपाई मिळण्याची शक्यता आहे. क्षेपणास्त्राच्या भीतीनं जहाज लांबून गेलं आणि देठ वाळले, तर नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेतही युद्धामुळे होणारं नुकसान बाहेरच ठेवलेलं आहे.

मोठ्या युद्धांवर आपल्याकडे लिहिलं-बोललं जातं ते कोण जिंकलं, कोणत्या देशाची बाजू घ्यावी, तेल किती डॉलरवर गेलं यावर. सांगली-साताऱ्याच्या दृष्टीनं मला मुद्दा वेगळा दिसतो. दूरच्या युद्धाचा भार आपल्याकडे ज्याचा नियम आधी लिहिलेला नाही त्याच्यावर पडतो. आणि तो भार हलका करायला सरकार जे आदेश काढतं, त्यांना संपायची तारीख नसते किंवा असली तरी ती पाळली जात नाही. या दोन गोष्टी सुधारल्या तर पुढच्या संकटात निम्मं नुकसान तरी टळेल, असं माझं म्हणणं आहे.

खताचं उदाहरण घेऊ, कारण ते ऊस, हळद, द्राक्ष सगळ्यांना लागू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर चढाई केली. आपण पोटॅश जवळजवळ पूर्ण आयात करतो आणि त्यात रशिया-बेलारूसचा वाटा मोठा. डीएपी या नत्र-स्फुरद देणाऱ्या खताचा कच्चा मालही बाहेरचाच. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसाची कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश अशी आहे. एकरावर आणली तर १६०, ६८, ६८. स्फुरदासाठी डीएपीची तीन पोती लागतात. त्यातून २७ किलो नत्र मिळतं. उरलेल्या नत्राला ४५ किलोची युरियाची साडेसहा पोती, आणि पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅशची सव्वादोन पोती.

युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांवर ठेवलं गेलं. डीएपीचं १३५० वर ठेवलं गेलं. त्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये केंद्रानं पोत्यामागचं अनुदान १६५० वरून २५०१ रुपयांवर नेलं. म्हणजे एका पोत्याची खरी किंमत ३८५१ होती आणि एकराला साडेअकरा हजारांचं डीएपी शेतकऱ्याच्या हाती चार हजारांत पडत होतं. हे चांगलं केलं, त्यात शंका नाही. पण पोटॅश सुटलं. आधी हजाराच्या आत-बाहेर मिळणारं पोतं १७०० वर गेलं. एकरी दीड हजाराची वाढ, एवढंच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण झालं काय? डीएपी आणि युरिया स्वस्त आणि पोटॅश महाग म्हटल्यावर लोकांनी पोटॅश वगळलं. सोसायटीच्या कर्जात बसेल तेवढं घ्यायचं, बाकी पुढच्या भरणीला बघू. पुढची भरणी आली तेव्हाही दर तोच होता. पालाश कमी पडलेल्या उसाची पानं कडेनं करपतात, ऊस लोळतो, पाण्याचा ताण सोसत नाही आणि साखर भरत नाही. पण वजन काट्यावर फारसं घटलेलं दिसत नाही, त्यामुळे दोष हवामानाला जातो. अनुदानानं एका खताचा दर दाबला आणि दुसऱ्याचा सोडला, की जमिनीतला समतोल असा बिघडतो. त्यात दुकानात डीएपीचं पोतं मागितलं की सोबत नको असलेली बाटली गळ्यात मारायची, हे ‘लिंकिंग’ टंचाईच्या वर्षी जोरात चालतं. त्याची पावती सहसा वेगळी फाडलेली असते, त्यामुळे तक्रार करायला पुरावा उरत नाही.

यातला खरा विनोद असा, की पोटॅश आपल्या दारात पडून आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून जे सांडपाणी निघतं, ज्याला सगळे स्पेंटवॉश म्हणतात, ते बॉयलरमध्ये जाळल्यावर उरणाऱ्या राखेत पालाश असतं. उसानंच जमिनीतून ओढलेलं. मळीपासूनचं पोटॅश म्हणून या राखेला ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या अनुदान योजनेत जागा मिळाली. पालाशाचं किमान प्रमाण १४.५ टक्के ठरलं. मग ते रानात का दिसत नाही? कारण आयात पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असतं. ६८ किलो पालाशासाठी त्याची सव्वादोन पोती पुरतात, तर राखेची साडेनऊ पोती लागतात. ती आणायची, उतरवायची, सरीत टाकायची मजुरी कोण देणार? कारखान्यापासून पन्नास किलोमीटरवर हा व्यवहार तोट्यात जातो. पण ऊसतोडीची वाहनं रिकामी परत जातातच ना? गव्हाणीत ऊस ओतून परतणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये त्याच गावांसाठीची राख भरून पाठवली, तर वाहतुकीचा प्रश्न निम्मा सुटतो. कृष्णा-वारणा काठच्या कारखान्यांना हे जमण्यासारखं आहे. राख मात्र कोरडी आणि पोत्यात बंद हवी. ती हवेतली ओल धरते, तिचे गोळे होतात आणि मग सरीत सारखी पसरत नाही. युद्ध चालू असताना हे सुचून उपयोग नसतो. ते शांततेच्या वर्षात करून ठेवायचं काम आहे.

आता सरकारी आदेशांकडे वळू. १२ मे २०२२ रोजी केंद्रानं जाहीर केलं, की गव्हाची निर्यात वाढवण्यासाठी मोरोक्को, ट्युनिशिया, इंडोनेशियासह नऊ देशांत शिष्टमंडळं जाणार. १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली, तीही तत्काळ. ज्यांच्याकडे त्या तारखेपर्यंतचं न फिरवता येणारं पतपत्र (पैसे मिळण्याची बँकेची हमी) होतं, त्यांचाच माल जाऊ शकला. बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही. मार्चच्या उष्णतेनं उत्तरेतला गहू हलका भरला होता, सरकारी खरेदी घटली होती, आणि मुंबई-पुण्याच्या चाळीतल्या माणसालाही पोट आहे. प्रश्न त्या एका रात्रीचा आहे. पतपत्र असलेला व्यापारी सुटला. बाजार चढणार म्हणून धान्य घरात ठेवलेला शेतकरी अडकला, कारण त्याच्याकडे पतपत्र नव्हतं. असायचं कारणच नव्हतं.

साखरेचं प्रकरण आपल्या जास्त जवळचं. २४ मे २०२२ च्या आदेशानं साखर निर्यातीवर १ जूनपासून निर्बंध आले, मुदत ३१ ऑक्टोबर २०२२. ऑक्टोबर आला तेव्हा मुदत ३१ ऑक्टोबर २०२३ झाली. पुढच्या ऑक्टोबरात ती ‘पुढील आदेशापर्यंत’ झाली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका पत्रानं मनाई आली आणि आठवड्याभरात ती मर्यादेसह सैल झाली. ज्या कारखान्यांनी इथेनॉलच्या भरवशावर कर्ज काढून डिस्टिलरी उभी केली, त्यांनी त्या आठवड्यात काय ठरवायचं होतं? साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला. त्या हंगामात एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, क्विंटलला २७५ रुपये होती, तीही १० टक्के उताऱ्यावर (उसातून निघणारी साखर). २०२५-२६ ला ती १०.२५ टक्के उताऱ्यावर ३५५ झाली. एफआरपी वाढलीच पाहिजे होती. पण बाहेरचा बाजार चढलेला असताना दार बंद, आणि आतला दर जुन्या खुंटीला बांधलेला. या दोन्हींच्या मध्ये कारखाना सापडला की उसाचं बिल लांबतं. मग चौदा दिवसांत बिल देण्याचा कायदा कागदावर राहतो.

‘तात्पुरतं’ म्हणून आलेलं टिकून कसं राहतं, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. पहिल्या महायुद्धात चांदी आटली म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ पासून एक रुपयाची नोट आली. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि १९४३ ला तांब्याच्या टंचाईनं पैशाला मधोमध भोक पडलं. जुन्या घरांतल्या डब्यांत तो भोकाचा पैसा अजून सापडतो. आधीच्या पैशाच्या निम्म्याहून कमी वजनाचा आहे, हातात धरला तरी कळतं. १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत घड्याळंसुद्धा एक तास पुढे केली होती. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सुमारे १८० कोटींवरून ११०० कोटींच्या पुढे गेल्या. त्यांच्या मागे लंडनमध्ये साठत गेलेलं पौंडातलं येणं होतं, आणि इथे माल तेवढाच किंवा कमी. महागाई होणारच होती. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. खेड्याच्या वाट्याला लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली आली. त्याच वर्षी तंबाखूवर अबकारी कर बसला. युद्ध संपल्यावर १९४६ ला आवश्यक वस्तूंच्या पुरवठ्याचा कायदा झाला, त्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ हे शब्द होते. त्यातूनच १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा निघाला, जो आजही साठ्यावर मर्यादा घालायला वापरतात.

घड्याळ परत मागे आलं, पैशाचं भोक बुजलं. अधिकार मात्र परत गेले नाहीत.

विट्याच्या आणि आटपाडीच्या गलाई बांधवांना हे वेगळं सांगायला नको. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानं खानापूर-आटपाडीची माणसं देशभरच्या सराफ पेठांत पसरली आहेत. चीनशी युद्ध झालं ते २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२, एक महिना. त्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभरातल्या सोनारांची रोजी गेली. कॅरेटची अट तीन-चार वर्षांत सैल झाली, पण नियंत्रण १९६८ च्या कायद्यात जाऊन बसलं आणि रद्द झालं १९९० साली. लढाई एका महिन्याची होती, नियंत्रण सत्तावीस वर्षांचं झालं. आणि त्या काळात सोनं यायचं थांबलं का? ते चोरट्या वाटेनं येत राहिलं.

युद्धानं काहींचं भलंही होतं, हे कबूल करायला हवं. पहिल्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियाची काच यायची बंद झाली, त्याच काळात कराडजवळ ओगलेवाडीचा काच कारखाना उभा राहिला. पुढे घरोघरी गेलेला प्रभाकर कंदील तिथलाच. किर्लोस्करवाडी १९१० सालची. औंध संस्थानानं या दोघांना जागा दिली. पण युद्धकाळातल्या बंद दाराआड वाढलेला धंदा दार उघडल्यावर टिकवायचा, तर भट्टी, कारागीर आणि भांडवल आधीपासून लागतं. नुसत्या संधीवर कारखाना चालत नाही.

आता ज्या दोन ठिकाणी नियम आधी लिहिले गेले, त्यांच्याकडे बघू. दोन्ही आपल्याच भागातली आहेत.

पहिलं फौजेचं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीतून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. गावात त्यांचं स्मारक आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ ला साताऱ्यात निघाली, आणि १९६२ च्या पडझडीनंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेही इथलेच, यशवंतराव चव्हाण. अशा गावांत युद्ध म्हणजे बातमी नसते, घरातला माणूस असतो. पण त्या घराच्या संकटाचा हिशेब आधी लिहिलेला आहे. लढाईत जवान गेला तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते अखेरच्या वेतनाइतकं असतं. नेहमीचं कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्क्यांवर थांबतं. ही टक्केवारी कुणा मंत्र्यानं अंत्ययात्रेत जाहीर करायची नसते. अडचणी येतात त्या कागदाच्या. सेवापुस्तकात पत्नीचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. मुलाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, पलटणीच्या नोंदीत दुसरी. हयातीचा दाखला वेळेत चढला नाही म्हणून थांबलेलं निवृत्तिवेतन. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन रजेच्या काळातच पलटणीच्या नोंदी, आधार आणि बँक खातं एकदा ताडून घेतलं, तर यातलं बरंच टळतं. त्रास आहे, पण हक्क कुठे लिहिलाय ते माहीत आहे. माणूस गमावण्याचं मोल कुठल्याही टक्केवारीत बसत नाही, तो भाग वेगळाच.

दुसरं रोजगार हमीचं. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे तासगाव तालुक्यातले. १९६५ च्या सुमारास विसापूर भागात त्यांनी ‘मागेल त्याला काम’ हा प्रयोग करून पाहिला. मग १९७२ चा दुष्काळ पडला. माण, खटाव, जत, आटपाडी खडी फोडायला बसली. राज्यभर दुष्काळी कामांवर १९७३ च्या मे महिन्यात ५० लाखांच्या घरात माणसं होती. त्याच वर्षाच्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चं तेल तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेलं आणि रॉकेलच्या रांगा लागल्या. म्हणजे दुष्काळ आणि युद्ध पाठोपाठ. या सगळ्यातून राज्यानं घोषणा नाही, कायदा काढला: १९७७ ला मंजूर, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. पैसा कुठून? त्यासाठी १९७५ ला व्यवसाय कर बसवला. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २५०० रुपये कापले जातात ना, ते हे. शहरी पगारदार त्यावर कुरकुरतो, आणि योजनेत पुढे हजेरीपटाची लबाडीही भरपूर झाली. तरी रचना बघा. मागणी कुणी करायची, काम किती दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर काय द्यायचं आणि पैसे कुठून आणायचे, हे दुष्काळ पडायच्या आधी ठरलेलं. २००५ चा देशाचा कायदा याच वाटेनं गेला.

शेतमालाच्या निर्यातीला, खताला, साखरेला अशी रचना का नसावी? निर्यातबंदीचा अधिकार सरकारनं ठेवावा, पण तो किती दरावर सुरू होणार आणि किती दरावर संपणार, ते हंगामाआधी छापावं. साखरेसाठी १ ऑक्टोबरच्या आधी, द्राक्ष-बेदाण्यासाठी फळछाटणीच्या आधी. मुदत वाढवायची तर संसदेत किंवा निदान लेखी कारणांसह. ‘सरकारचे हात बांधले जातील’ असा आक्षेप येतो. बांधले जाऊ देत की थोडे. आज ते बागायतदाराचे आणि कारखान्याचे बांधलेले आहेत.

आणि सगळं सरकारवर ढकलूनही चालणार नाही. बांधावरच्या सौद्यात भाड्याचा एक रकाना घालायला कुणाची परवानगी लागत नाही. १ डिसेंबरचं भाडं पायाभूत धरायचं, त्यावर पहिल्या हजार डॉलरची वाढ निर्यातदार आणि बागायतदारानं निम्मी-निम्मी सोसायची, त्यापुढे सौदा मोडायची मुभा दोघांनाही. निम्मं म्हणजे बागायतदाराला किलोला ३ रुपये २० पैसे. हा आकडा त्याला डिसेंबरात माहीत असतो, मार्चमध्ये पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात पडल्यावर कळत नाही. निर्यातदार हे मान्य करेल का? एकट्यासमोर नाही करणार. पन्नास एकरांचा गट एकत्र बसला तर करेल, कारण त्यालाही कंटेनर भरायचा असतो आणि माल ट्रेसेबल, नोंदणी केलेल्या बागेचाच लागतो.

सौदा मोडायची मुभा हवी, कारण आपल्याकडे दुसरी वाट आहे: बेदाणा. पण ती वाट वेळेत धरावी लागते. निर्यातीचा घड १६-१८ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) काढतात; बेदाण्याला २२ च्या पुढे साखर हवी, म्हणजे घड आणखी दोन-तीन आठवडे वेलीवर. तेवढे दिवस अवकाळीचा धोका डोक्यावर. मग लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर पसरायचं, कोरडी हवा असेल तर १२-१५ दिवसांत माल तयार. जीए (मणी वाढवणारं संजीवक) देऊन फुगवलेला जाड मणी वाळायला जास्त दिवस घेतो, आणि त्याच्या आकाराचे पैसे बेदाण्याच्या बाजारात कुणी देत नाही. चार किलोचा एक किलो होतो, पण तो शीतगृहात वर्षभर थांबू शकतो. जहाजासाठी काढलेली द्राक्षं थांबू शकत नाहीत.

थांबायचं तर मधल्या काळात पैसा लागतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत ६ टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी उचल घ्या. हळदीला ते सरळ लागू होतं. बेदाण्याला मात्र ७५ टक्के किंवा क्विंटलला ७५०० रुपये, यातलं जे कमी ते, अशी मर्यादा घातली गेली. किलोला १५० चा भाव असेल तर क्विंटल १५ हजारांचा, त्याचे ७५ टक्के ११,२५०. हातात येणार ७५००. शेडचं भाडं, मजुरी आणि औषधाच्या दुकानाची उधारी भागवायला ते पुरत नाहीत, म्हणून माल मार्च-एप्रिललाच सौद्याला येतो, जेव्हा सगळ्यांचाच येतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद महिनोन्‌महिने दर बघत पडून राहायची. पुढे २००५ च्या पुरानं त्या पेवांची वाट लावली. बेदाण्याला आज शीतगृहं आहेत, कमी आहे ती उचल. ही मर्यादा रुपयांत न ठेवता चालू भावाशी जोडायला नवा कायदा लागत नाही, पणन मंडळाचा एक ठराव लागतो. तो सप्टेंबरच्या आधी झाला, तर छाटणीच्या वेळीच बागायतदाराला ठरवता येईल, की कोणता प्लॉट जीए देऊन युरोपसाठी वाढवायचा आणि कोणता साधा ठेवून शेडकडे न्यायचा.